आवाजमहाराजांचा स्पीकर

स्पीकर बोलायला लागला आणि खोलीतल्या सगळ्या माना एकदम खाली झुकल्या. बोलायला लागला म्हणजे काय, तर बदकाच्या घशात घास अडकावा आणि तशाही अवस्थेत त्यानं भाषण ठोकायचं ठरवावं, असा आवाज त्यातून येत होता. आधी एकसारखे तीन आवाज, मग लांबलचक बडबड, मग शांतता. पुन्हा तेच तीन, पुन्हा बडबड, पुन्हा शांतता. माझ्या शेजारच्या बाईंच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. खाली टायरचं दुकान असलेला, दोन्ही हातांनी ट्रकचं चाक उचलणारा जागेचा मालक तोंडात बोट घालून बघत होता. पूर्वी या मजल्यावर फर्निचरचं दालन होतं. त्या काळातले मोठाले आरसे अजून भिंतींवर होते, त्यामुळे गर्दी होती त्याच्या दुप्पट दिसायची.

समोर उंच खुर्चीवर आवाजमहाराज डोळे मिटून बसले होते. माइक त्यांच्यापासून हातभर लांब, आणि बंद. तो बंद असल्याचं ते दर वेळी कुणाला तरी बोलावून तपासून घ्यायला लावत.

"माझं यात काही नाही," ते सांगत. "मी पोस्टमन. पत्र वरून येतं, मी नुसतं वाचून दाखवतो."

दुसऱ्यांची पाकिटं फोडून वाचणाऱ्या पोस्टमनला खरं तर नोकरीवरून काढतात. याला लोक हार घालत होते.

मी महाराजांना त्यांच्या पूर्वाश्रमापासून ओळखत होतो. तेव्हा ते दारोदार फिरून पाणी शुद्ध करायची यंत्रं विकायचे. माझ्याच नळाचं पाणी माझ्याच डोळ्यांदेखत काळंकुट्ट करून दाखवून त्यांनी एक यंत्र माझ्या गळ्यात मारलं होतं. पुढे त्यांनी पाणी सोडून मनाचं शुद्धीकरण हाती घेतलं. टायरवाल्यानं रिकामी जागा फुकट दिली, अँप्लिफायर आणि दोन स्पीकर आले, पण मनःशांतीच्या व्याख्यानांना चार टाळकी जमली तरी खूप. आणि एक दिवस दुपारी, माइक बंद असताना, स्पीकर आपोआप क्वाकक्वाक करायला लागला. दुसऱ्या कुणी इलेक्ट्रिशियनला फोन केला असता. महाराजांनी डोळे मिटले आणि भाषांतर सुरू केलं.

आवाज वरच्या लोकांचा होता म्हणे. गेलेली माणसं तिकडे गेल्यावर तिकडची भाषा बोलतात, आणि ती आपल्यात एकट्या महाराजांना येते. आवाज कधी यायचा, कधी यायचा नाही. आला तर बहुतेक दुपारीच. नाही आला तर महाराज सभेवर नजर फिरवत आणि म्हणत की आज इथे कुणीतरी संशय घेऊन आलंय.

त्या दिवशी संशय घेऊन मी आलो होतो, तरी आवाज आला. हे माझ्या लक्षात आलं, इतर कुणाच्या आलं नाही.

माझा धंदा चष्म्यांचा. लोकांना नीट दिसावं यावर माझं पोट चालतं, म्हणून न दिसणाऱ्या गोष्टींवर विश्वास ठेवायला मला जरा जड जातं. मी तिथे गेलो होतो आईसाठी. बाबांना जाऊन वर्ष होत आलं होतं. पन्नासेक वर्षांचा संसार केलेली बाई रोज दुपारी त्या स्पीकरसमोर जाऊन बसायची आणि बाबांचा निरोप येतो का याची वाट बघायची. तेवढंच असतं तर मी काही बोललो नसतो. पण एका दुपारी वरून असा निरोप आला की औषधं म्हणजे जीवाला देहाशी शिवून टाकणारे टाके आहेत, ते उसवल्याशिवाय पलीकडचं स्पष्ट ऐकू येत नाही. आईनं रक्तदाबाच्या गोळ्या कचऱ्यात टाकल्या. आम्हाला कळलं ते ती जिन्यात भोवळ येऊन बसली तेव्हा. कठडा हाताशी होता म्हणून थोडक्यात निभावलं. डॉक्टरांनी आमच्यासमोर तिला बजावलं, मी विनवण्या केल्या, बायकोनं गोळी आणि पाण्याचा पेला घेऊन तिच्या खोलीच्या दारात तासन्‌तास बैठक मारली. आई ढिम्म. महाराजांनी सांगितलं होतं की येत्या रविवारी बाबा स्वतः बोलणार आहेत, तोवर तिला टाका घालून घ्यायचा नव्हता.

म्हणून मी तिच्याबरोबर जाऊन बसलो, आणि त्या बदकाकडे कान देऊन ऐकत राहिलो. ऐकता ऐकता मला दोन गोष्टी खटकल्या. एक म्हणजे, वरच्यांना काही सांगायचं असेल तर त्यांनी सरळ सांगावं. तीनदा हाक मारून गप्प का बसावं? ही तर उत्तराची वाट बघण्याची तऱ्हा झाली. दुसरी गोष्ट जास्त अवघड होती. तो ताल माझ्या ओळखीचा होता. कित्येक वर्षं मी तो माझ्या घराच्या छतातून ऐकत आलो होतो.

माझी बायको दातांची डॉक्टर. टायरच्या दुकानासमोरच आमची इमारत. तळमजल्यावर तिचा दवाखाना, वर घर, त्याच्यावर गच्ची आणि गच्चीवर तिची रेडिओची खोली. ती हौशी रेडिओवाली आहे. परीक्षा देऊन, परवाना घेऊन जगभरच्या तशाच हौशी लोकांशी बोलते. या उन्हाळ्याच्या तोंडाला तिनं गच्चीवर नवी अँटेना चढवली होती, सहा मीटरच्या पट्ट्यासाठी. सहा मीटर ही त्या लहरींची लांबी. हा पट्टा म्हणे भलताच लहरी. एरवी मेल्यासारखा पडून असतो, गावाबाहेर आवाज जाईल तर शपथ. आणि उन्हाळ्यातल्या एखाद्या दुपारी अचानक उघडतो, की हजार दोन हजार किलोमीटरवरचा माणूस शेजारच्या खोलीत बसल्यासारखा बोलायला लागतो. मग न सांगता बंद. तो उघडा सापडावा म्हणून माझी बायको दुपारी दवाखाना मिटला की जेवणाचं ताट झाकून ठेवते आणि गच्चीवर पळते. तिथे ती तीनदा हाक घालते, आपलं सांकेतिक नाव सांगते आणि कुणी ओ देतंय का याची वाट बघते. पुन्हा तीनदा हाक.

मी घरी आलो तेव्हा ती नुकतीच खाली येऊन गार झालेला भात खात होती. दुपारी हाका घातल्यास का, मी विचारलं. ती म्हणाली, खूप घातल्या, पट्टा उघडल्यासारखा वाटत होता पण एकही मासा गळाला लागला नाही. मग मी तिला सगळं सांगितलं. मला वाटलं ती हसेल. तिचा चेहरा पडला.

"म्हणजे माझा सिग्नल लोकांच्या स्पीकरमध्ये घुसतोय?" ती म्हणाली. "अरे, हे फार वाईट आहे."

आपल्याला देवपद मिळालंय याचं तिला काहीच नव्हतं. शेजाऱ्याला त्रास होतोय, याची मात्र शरम वाटत होती. ती तशीच उष्ट्या हातानं उठून त्या स्पीकरचा बंदोबस्त करायला निघाली होती. मी तिला खाली बसवलं आणि आधी मला समजावून सांग म्हटलं.

तिनं भाताच्या ताटातच चित्र काढून समजावलं. स्पीकरपासून अँप्लिफायरपर्यंत भिंतीवरून लांब वायर गेलेली असते. तिची लांबी जुळली की तीच अँटेना होते आणि समोरच्या गच्चीवरचा सिग्नल पकडते. अँप्लिफायरला तो नको असतो, पण एवढा जवळचा आणि जोरकस सिग्नल त्याच्या आतल्या भागांत शिरला की त्याचा आवाज होऊन बाहेर पडतो. मग शब्द का कळत नाहीत? कारण ताकद वाया जाऊ नये म्हणून ती ज्या पद्धतीनं बोलते, तीत सिग्नलचा अर्धाअधिक भाग छाटून टाकलेला असतो. समोरच्याचा रेडिओ तो भाग पुन्हा जोडून घेतो. अँप्लिफायरला ती अक्कल नसते, म्हणून बदक.

"आणि तू न छाटता बोललीस तर?"

"जुन्या पद्धतीनं? एक बटण फिरवायचं. मग अँप्लिफायरलाही कळेल." तिनं ताटातलं बोट उचललं. "अगदी शब्दन्‌शब्द."

आम्ही एकमेकांकडे बघितलं. भात तसाच राहिला.

अडचण एकच होती, आणि ती बायकोनंच काढली. परवाना बोलण्याचा आहे, जाहीर घोषणा करण्याचा नाही. ती नियमाबाहेर एक शब्द बोलणार नव्हती. पण गावाच्या दुसऱ्या टोकाला तिचा एक रेडिओवाला मित्र राहत होता. सगळे त्यांना कप्तान म्हणत. ते कधीच कप्तान नव्हते. जन्मभर जहाजांवर बिनतारी संदेशांचं काम करून निवृत्त झाले होते. पट्टा मेलेला असला तरी गावातल्या गावात आवाज जातो. कप्तानांशी ती कधीही बोलू शकत होती, आणि त्यांना तिच्याशी बोलायला कारणही होतं. त्यांची खालची एक दाढ दोन महिने ठणकत होती आणि ते दवाखान्यात यायला घाबरत होते.

रविवारी आरशांतले धरून दोनतीनशे लोक असतील. आई पुढच्या रांगेत, इस्त्रीची साडी नेसून, केस नीट विंचरून बसली होती. ती इतकी नटून बऱ्याच दिवसांनी बसली होती. तिला इथे तोंडघशी पाडायला आपण आलोय, असं वाटून मी खिशातल्या फोनवरचा हात काढूनही घेतला होता. पण महाराज आले तेव्हा तिनं उठताना खुर्चीचा आधार शोधला, दोनदा चाचपडली, आणि मी बायकोला मिस्ड कॉल दिला.

स्पीकर बोलायला लागला. महाराजांनी हात वर केला. हळूहळू, सुस्कारे टाकत त्यांनी सांगितलं की तेच आलेत. आईकडे बोट करून म्हणाले, तुमचे यजमान. बदक थोडा वेळ बोललं, थांबलं, पुन्हा बोललं. महाराज सांगत गेले. इकडे प्रकाश आहे. इकडे दुःख नाही. तू टाके उसवलेस म्हणून मी प्रसन्न आहे. आता थोडंच अंतर उरलंय.

मी उठून नम्रपणे विचारलं की हे नक्की माझे वडीलच बोलतायत ना. महाराज म्हणाले, सूर्याला सूर्य आहेस का म्हणून विचारू नये. मी दुसरा मिस्ड कॉल दिला, बटण फिरवायचा.

स्पीकर जरासा खरखरला आणि त्यातून माझ्या बायकोचा आवाज आला. स्वच्छ, स्पष्ट, पेशंटला दटावताना असतो तसा.

"कप्तान, तुम्ही कितीही लवंग धरलीत तरी ती दाढ आता वाचत नाही. ती काढावीच लागेल. उद्या सकाळी या, आणि उपाशी येऊ नका."

मग शांतता. कप्तान तिकडे काहीतरी म्हणत असणार. ते फक्त गच्चीवर ऐकू येत होतं. मग पुन्हा तिचा आवाज.

"नाही, दुखणार नाही. इंजेक्शन देते मी. एवढे समुद्र पालथे घातलेत आणि सुईला काय घाबरता?"

मागच्या रांगेत कुणीतरी फिसकन हसलं. महाराजांचा हात हवेतच होता. तो खाली घ्यावा की नाही हे त्यांना ठरवता येत नव्हतं. मी खिडकीचे पडदे बाजूला सारले. समोरच्या गच्चीवर मोठ्या माशाच्या सांगाड्यासारखी अँटेना उभी होती, बरोबर आमच्याकडे तोंड करून. आवाज सुरू झाला तो अँटेना चढली त्याच आठवड्यात, हे मी टायरवाल्याला सांगितलं. तो बोटांवर आठवडे मोजायला लागला.

पण यंत्रं विकलेला माणूस इतक्या सहज हरत नाही. महाराजांनी हात खाली घेतला, डोळे उघडले आणि अतिशय गोड आवाजात सांगितलं की वरच्यांना बोलायला कुठला तरी गळा लागतोच. आज त्यांनी या आईंच्या सुनेचा गळा निवडला. तिला स्वतःला वाटतंय ती दाढेबद्दल बोलतेय. खरा अर्थ वेगळाच असतो, आणि तो आपल्याला ऐकू येतो.

काय सांगू, निम्म्या माना डोलल्या. खोटं एकदा पकडलं की संपतं, असं मला तोवर वाटत होतं.

तेव्हा आई उठली. तिनं महाराजांना विचारलं की त्या पेटीतून कुणाचाही गळा बोलला तरी तुम्हाला अर्थ कळतो ना. महाराज म्हणाले, अर्थातच. मग मीच आमच्या गच्चीवर जाऊन बोलते, आई म्हणाली, तुम्ही इथे बसून सांगा काय ऐकू आलं ते. मी तिला हात द्यायला गेलो तर तिनं मला तिथेच थांबायला सांगितलं. टायरवाल्याच्या खांद्यावर हात ठेवून ती जिना उतरली, रस्ता ओलांडला आणि आमचा जिना चढली. तेवढ्या वेळात महाराज दोनदा पाणी प्यायले.

बायकोनं रेडिओ पुन्हा नेहमीच्या पद्धतीवर ठेवला होता. बदक बोललं, पण आता त्याची चाल वेगळी होती, संथ, अडखळती. मग थांबलं. मग पुन्हा एक छोटं वाक्य. सगळे महाराजांकडे बघत होते. त्यांनी पुन्हा डोळे मिटले, आणि मग धोका पत्करायचा नाही असं ठरवलेल्या माणसासारखं म्हणाले, "यजमान तिच्या तोंडून सांगतायत, मी तुझी वाट बघतोय."

आई परत आली ती धापा टाकत. मागोमाग बायकोही आली. पुढच्या रांगेतल्या एका बाईंनी महाराजांचं वाक्य आईला जसंच्या तसं सांगितलं. आईनं ते पुन्हा एकदा सांगायला लावलं. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. काहीतरी तपासून झाल्यासारखी ती दिसत होती.

"मी त्या कप्तानांना विचारलं, तुम्ही रक्तदाबाची गोळी घेता का. ते म्हणाले, रोज. मग मी म्हटलं, बरं करता." ती महाराजांकडे वळली. "आणि आमच्या ह्यांनी माझी वाट कधीच बघितली नाही हो. जन्मभर चार पावलं पुढेच चालत राहिले. ते असते तर हे वाक्य त्यांच्या तोंडून आलंच नसतं."

टायरवाल्यानं जाऊन अँप्लिफायरचं बटण बंद केलं. महाराज काहीतरी पुटपुटत उठले, चपला शोधल्या आणि पुन्हा आले नाहीत. ते दुसरीकडे कुठे तरी पाणी काळं करून दाखवत असतील.

बायकोनं त्याच दिवशी स्पीकरच्या वायरवर फेराइट नावाच्या चुंबकी पदार्थाच्या दोन काळ्या कड्या चढवल्या, बांगडीएवढ्या. वायर कड्यांभोवती गुंडाळली की नको त्या लहरी आत शिरत नाहीत. मग ती वर जाऊन मनसोक्त ओरडून आली. स्पीकरमधून चकार शब्द आला नाही. झाल्या त्रासाबद्दल तिनं टायरवाल्याची रीतसर माफी मागितली.

घरी आईनं गोळी घेतली, पण आमच्याशी चार दिवस अबोला धरला. मला आधी घरात का सांगितलं नाहीत, हा तिचा सवाल होता. मी म्हटलं, तू ऐकलं असतंस का? ती म्हणाली, नसतं ऐकलं. तिला राग फसवलं गेल्याचा नव्हता. त्या खोलीत तिला रोज दुपारी कुणाची तरी वाट बघता येत होती, तेही गेलं, याचा होता. हे मला उशिरा कळलं.

त्यानंतरच्या एका दुपारी गच्चीवरून बायकोच्या हाका ऐकू आल्या. पट्टा उघडला होता. मी आईला वर घेऊन गेलो. रेडिओतून एक माणूस बोलत होता, तुटक पण स्वच्छ. समुद्रापलीकडचा पाव भाजणारा होता, भट्टी थंड होईपर्यंत त्याला वेळ होता. बायकोनं आईला समजावलं की हा आवाज सरळ येत नाहीये, वाटेत पृथ्वीची गोलाई आहे. जमिनीपासून शंभरेक किलोमीटर वर हवेत कधी कधी विजेनं भारलेला पातळ थर जमतो. त्याच्यावर आपटून लहरी खाली येतात, भिंतीवर मारलेल्या चेंडूसारख्या. थर विरला की बोलणं संपलं.

"तो थर कधी जमतो?" आईनं विचारलं.

"नक्की सांगता येत नाही. उन्हाळ्यात जास्त. का जमतो हे बरंचसं कळलंय, पण आज दुपारी इथेच का, ते अजून कुणालाच धड माहीत नाही."

आई थोडा वेळ त्या माणसाचं बोलणं ऐकत राहिली.

"जिवंत आहे ना हा?"

"हो, आई."

"मग दे इकडे. बोलते."

भाषा एकमेकांची दोघांनाही येत नव्हती. बायको मधे बसून सांगत होती, आणि प्रत्येक वाक्यानंतर आई तिला विचारत होती, तो असंच म्हणाला कशावरून? बायको मग त्याला पुन्हा विचारत होती.

मला एवढंच सांगायचं आहे. आकाशातून आवाज येतात, हे खरं आहे. मी स्वतः ऐकलेत. आश्चर्य वाटलं तर वाटू द्या, त्यात कमीपणा नाही. पण कुणी त्याचा अर्थ सांगायला लागलं तर आईचा प्रश्न विचारा, कशावरून? ज्याला खरंच काही माहीत असतं, तो कुठल्या तरी टप्प्यावर सरळ सांगतो की यापुढचं मला ठाऊक नाही. ज्याच्याकडे प्रत्येक गोष्टीचं उत्तर तयार असतं, त्याच्या सांगण्यावरून गोळी सोडू नका, घर सोडू नका, आणि आपल्या गेलेल्या माणसाबद्दल आपल्याला जे पक्कं ठाऊक आहे, तेही सोडू नका.